जो उशिरा येईल तो वर

आमच्या क्लासच्या मालकांना वर्षातून एकदा पुण्याला जायची हौस होती. तिकडून येताना ते दरवेळी काहीतरी घेऊन यायचे आणि पुढे वर्षभर ते आम्हाला निस्तरावं लागायचं. एका वर्षी त्यांनी इंग्रजी संभाषण आणलं. एका वर्षी व्यक्तिमत्त्व विकास. मग दोन हजार सात की आठ साली ते ब्लॉग घेऊन आले.

मी तेव्हा हिंगोलीत त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. टायपिंग, अर्ज कसा लिहायचा, तक्ता कसा काढायचा, असलं सगळं. नोकरीत सर्टिफिकेट लागायचं म्हणून चाळिशी-पन्नाशीचे मास्तर आणि ग्रामसेवक यायचे, आणि माउस असा धरायचे जसा तो चावणार आहे. त्यांना शिकवून माझा जीव मेटाकुटीला आलेला असायचा. त्यात मालकांनी जाहीर केलं की यापुढे प्रत्येक शिक्षकाचा स्वतःचा ब्लॉग पाहिजे. ज्याचं नेटवर काही नाही तो माणूस जगात नाही, असं त्यांना पुण्यात कुणीतरी पटवून दिलं होतं. ब्लॉगवर नेमानं लिहायचं, सोशल साइटवर ओळखीपाळखीच्या लोकांना त्याची लिंक पाठवायची, पानाच्या खाली आल्यागेल्यांना मोजणारं मीटर बसवायचं. मग लोक येणार, क्लासचं नाव होणार, ॲडमिशन वाढणार.

मी म्हटलं, सर, इथं अर्धा दिवस लाइट नसते, लोक येणार कुठून? ते म्हणाले, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता.

काढला ब्लॉग. फुकटात काढून देणारी साइट होती, त्यामुळे काढायला काहीच लागलं नाही. लिहायला मात्र घाम फुटला. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायचं, अर्धं उमटलं की लाइट जायची. बॅटरीवर कॉम्प्युटर जेमतेम बंद करण्यापुरता चालायचा. लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं तर माझ्या मराठीच्या जागी नुसते चौकोन. 'संगणकाचे फायदे' हा माझा पहिला लेख माझ्या माहितीप्रमाणे एकाच व्यक्तीनं वाचला, आणि मीटरवर दिसणारी ती व्यक्ती मीच होते. मालक दर सोमवारी मीटर बघायचे आणि उसासा टाकायचे. शेवटी त्यांनी सल्ला दिला की जे दुसऱ्या कुणाकडे नाही ते लिहा.

माझ्याकडे असं काय होतं, तर आमच्या गावचा पोळा.

माझं माहेर सेनगाव तालुक्यातलं. हिंगोलीहून नरसीमार्गे एसटीनं सेनगावला उतरायचं आणि पुढं जीपमध्ये कोंबून घ्यायचं. आमच्याकडे पोळ्याला गावातले सगळे बैल सजवून मारुतीच्या देवळापुढे उभे करतात, त्यांच्यावर मंगलाष्टका म्हणतात, आणि मग ते तोरणाखालून जातात. कुणाची जोडी आधी आणि कुणाची मागं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पहिला मान आमच्या घराण्याचा. त्यात कुणी एक पाऊल पुढं-मागं केलं तर पुढची दहा वर्षं ते गाव विसरत नाही. मी हे गमतीनं म्हणत नाही, आमच्याच घरात ते घडलं होतं.

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आणि बाबा वाटणीनंतरही गुण्यागोविंदानं राहत होते. दोन्ही घरं भिंतीला भिंत लागून. माझं अर्धं लहानपण मोठीआईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, चुलीपुढे गेलं. मान अर्थातच थोरल्याच्या बैलांचा. एका वर्षी पोळ्याच्या तोंडावर मोठेबाबांचा एक बैल पाय मुरगळून बसला. मान घराण्याबाहेर जाऊ नये म्हणून बाबांनी वेळेला आपली जोडी पुढं काढली. भावाला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण घरचंच काम होतं. मोठेबाबा इकडे शेजाऱ्याचा बैल मागून जोडी पुरी करून निघाले होते. ते देवळापाशी पोचले तेव्हा धाकट्याचे बैल तोरणाखालून जात होते. ते तिथूनच माघारी वळले.

त्यानंतर दोघांनी बोलणं टाकलं. माझ्या लग्नात मोठेबाबा मांडवाच्या कडेला उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. मी माहेरी गेले की मोठीआई परसातून हळूच हाक मारायची आणि काहीतरी पदराआडून हातात ठेवायची, चोरी केल्यासारखं. माझं माहेर असं मधोमध चिरलेलं होतं, आणि ज्या दोघांनी चिरलं त्यांना त्याचं काही वाटत नाही असा माझा समज होता. मला दोघांचाही राग यायचा. बैल कधीच विकून झाले होते, नवे आले होते, तरी ही माणसं त्या तोरणाखालीच अडकून पडलेली.

मालकांचा ब्लॉग आला त्या वर्षी गावातल्या चार म्हाताऱ्यांनी या दोघांना जुळवायचं मनावर घेतलं. बाबांना सांगितलं, तुम्ही थोरल्याच्या पाठोपाठ जोडी आणा, बाकी काही बोलू नका. बाबांनी आणली. मी क्लासचा डिजिटल कॅमेरा घेऊन गेले होते. मोठेबाबांची लाल कंधारी जोडी झूल-घुंगरं लेवून तोरणाखालून गेली. मागून बाबांची आली. बाबांचा एक बैल तोरणाला बुजला आणि मागे सरायला लागला. मोठेबाबांनी वळून त्याची वेसण धरली आणि त्याला चुचकारलं. बाबांकडे बघितलंसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी मोठीआई पुढच्या दारानं आली आणि सांगून गेली की दिवाळीला सगळ्यांनी तिकडे जेवायला यायचं. आई पदर डोळ्याला लावून बसली. बाबा गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

मी हिंगोलीला परतले ती फोटोंचा गठ्ठा घेऊन. एकेका घराच्या जोडीचा एक फोटो आणि खाली चार ओळी: जोडी कुणाची, कुठल्या बाजारातून आणली, कुणी सजवली. लाइट आणि इंटरनेट एकाच वेळी असतील तेव्हा एक टाकायचा. मानाप्रमाणे पहिला मोठेबाबांच्या बैलांचा टाकला. पुढे गावाच्या क्रमानं एकेक. आमचे बैल खरं तर दुसरे, पण लिहिणारी मी. आपलं आपण आधी टाकणं बरं दिसत नाही, पंगतीत वाढणाऱ्यानं आपलं पान शेवटी मांडावं. म्हणून बाबांची जोडी मी मुद्दाम सगळ्यांत शेवटी टाकली. मला तर वाटलं, ही केवढी समजूतदार गोष्ट केली मी.

या ब्लॉग नावाच्या प्रकाराची एक खोड आहे, ती तेव्हा माझ्या लक्षातही आली नव्हती. त्यात शेवटी टाकलेलं सगळ्यांत वर दिसतं.

सेनगावात आमच्या गावच्याच एका माणसाचं सायबर कॅफे होतं. उत्साही गृहस्थ. गावाचं नाव नेटवर आलेलं बघून त्याची छाती फुगली. गावात कुणाकडे कॉम्प्युटर नव्हता, मग लोकांनी बघायचं कसं? त्यानं सगळा ब्लॉग वरपासून खालपर्यंत छापून काढला आणि देवळाशेजारच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खळ लावून चिकटवला. छापखान्यातून आल्यासारखी पानं, एकाखाली एक. सगळ्यांत वर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, बाबांचे बैल. सगळ्यांत खाली, जमिनीला टेकून, जिथं लोक देवळात जाताना चपला सोडतात तिथं, मोठेबाबांचे. तोवर प्रिंटरची शाईही संपत आली होती. लाल कंधारी बैल गुलाबी झाले होते.

बाबांचा फोन आला. ते फोनवर कायम ओरडून बोलायचे, पण त्या दिवशी आवाज खाली होता. एवढंच विचारलं, "काय करून बसलीस माय हे?" मोठीआईनं निरोप पाठवला होता की दिवाळीचं राहू द्या.

मी सुट्टी मागितली. मालक मीटर बघून खुशीत होते. सायबरवाला दिवसातून दहादा पान उघडत होता, त्यामुळे आकडा चढला होता. वाद झाला की लोक जास्त येतात, असं पुण्यात सांगितलंच होतं म्हणे. माझ्या घरात आग लागली होती आणि हा माणूस धुराची उंची मोजत होता. मी गावाला निघाले.

मोठेबाबा ओट्यावर बसून कासरा वळत होते. मला बस म्हणाले नाहीत, जा पण म्हणाले नाहीत. मी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. क्लासमध्ये मी जे पन्नाशीच्या मास्तरांना समजावते तेच, त्याच चिकाटीनं. मोठेबाबा, हे मी लावलेलं नाही, ते कॉम्प्युटर आपोआप लावतो. तुमचे मी सगळ्यांत आधी टाकले. आधी टाकलेलं खाली जातं, नंतरचं त्याच्या वर चढतं. यात मानापानाचं काही नसतं, नवं काय आलं ते लोकांना पटकन दिसावं एवढंच.

त्यांनी कासरा मांडीवर ठेवला. "म्हंजे जो उशिरा येईल तो वर?"

"हो."

"आन् जो पहिला आला तो चपलांत. कोन्या गावची रीत हाय ही?"

अमेरिकेची, असं सांगणार होते. पण खरं सांगायचं तर तो प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदाच पडला, आणि आजही रोज सकाळी फोन उघडला की पडतो. त्यांना मात्र माझा सगळा खुलासा बनवाबनवी वाटला. बापानं एकदा पुढं काढली, आता लेकीनं काढली, एवढंच म्हणाले आणि कासरा पुन्हा हातात घेतला.

मी हिंगोलीला आले ती चडफडत. भिंतीवरची पानं सायबरवाल्याला काढायला लावली होती, पण तो म्हणाला, ताई, तुम्ही फक्त क्रम बदला, मी नवीन चिकटवतो, गावाला सवय लागलीय. क्रम बदलायचा कसा हे शोधण्यात माझे तीन दिवस गेले. शेवटी सापडलं. क्रम असा बदलता येत नाही, तारीख बदलता येते. मोठेबाबांच्या पानाला सगळ्यांच्या नंतरची तारीख दिली की ते वर चढतं. दिली. चढलं. मला इतका आनंद झाला की मी शिकवणी अर्धवट सोडून सायबरवाल्याला फोन केला. या वेळी त्यानं नवी शाई घातली. मोठेबाबांचे बैल भिंतीवर सगळ्यांत वर, लालभडक.

पुढच्या रविवारी मी गावी गेले ती शाबासकी घ्यायलाच. मोठेबाबा भिंतीपाशी उभे होते, चष्मा लावून. फोटोकडे ते बघतच नव्हते. फोटोच्या वर जाड अक्षरात छापलेल्या तारखेवर बोट ठेवून उभे होते. मग ते बोट त्यांनी खालच्या पानावर, बाबांच्या बैलांच्या तारखेवर नेलं.

"हे बराबर वाच. तुझ्या बापाचे बैल बेस्तरवारी आले आन् माझे त्याच्या मागून शनिवारी. असंच लिवलंस ना?"

बरोबर होतं त्यांचं. आधी आले म्हणावं तर खाली जात होते, वर न्यावं तर उशिरा आले ठरत होते. त्या साइटच्या लोकांनी जगभराची सोय केली होती. कुठला रंग, कुठलं अक्षर, शेजारी काय दाखवायचं, सगळं. पण पहिला आलेला माणूस पहिलाही राहील आणि वरही राहील, एवढं साधं त्यांना सुचलं नव्हतं. आणि आमच्या गावाला तर तेवढंच पाहिजे होतं, बाकी काहीच नको होतं. मला कुणाच्या नावानं खडे फोडावेत ते कळेना. मी भर चौकात मोठेबाबांना म्हटलं की तुम्ही मुद्दाम करता, तुम्हाला जुळवायचंच नाही. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते घरी गेले.

घरी आल्यावर मी बाबांपुढे रडले. वय काय, आणि रडते काय, पण रडले. म्हटलं, मी तुमचं भलं करायला गेले होते. बाबा म्हणाले, मीही त्या वर्षी भलंच करायला गेलो होतो. मग म्हणाले, "आपले काढून टाक त्याच्यातून. आमी न्हाई तिथं तर कशाचं वर आन् कशाचं खाली."

मला ते पटलं नाही. आमच्या जोडीचा फोटो सगळ्यांत चांगला आला होता, आणि शिंगं आईनं रात्र जागून रंगवली होती. पण वाद घालायचं त्राण नव्हतं. हिंगोलीला जाऊन मी बाबांच्या बैलांचं पान काढून टाकलं. तारीखही पहिल्यासारखी केली. सायबरवाल्याला सांगितलं, आता पानं उलट्या क्रमानं चिकटव, छापताना शेवटी येतं ते पान वर, पहिल्यांदाच हे का सुचलं नाही ते मला विचारू नको. त्यानं तसं केलं. मोठेबाबा वर, तारखेनंही पहिले, खाली बाकीचं गाव. आमचं घर त्या भिंतीवर नव्हतंच. मला वाटलं, चला, मिटलं. दिवाळी चार दिवसांवर आली होती, म्हणून मी भाऊबीजेपर्यंत राहायला माहेरी गेले.

मी पोचले त्याच दिवशी संध्याकाळी मोठेबाबा आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. पोळ्याचं भांडण झालं तेव्हापासून त्यांचं पाऊल त्या अंगणात पडलं नव्हतं. आई चुलीपुढून उठली आणि तशीच उभी राहिली. बाबा बैलांना पेंड चारत होते, ते हात पुसत पुढे आले. मोठेबाबा त्यांच्याशी बोललेच नाहीत. मला विचारलं, "ह्याचे बैल काहून न्हाईत भितीवर?"

माझा संयम तिथं संपला. म्हटलं, मोठेबाबा, खाली टाकले तरी तुमचं चुकतं, वर टाकले तरी चुकतं, आता तुम्ही एकटे वर आहात तरी तुम्हाला राग. मी करू तरी काय?

बाबा मध्ये पडले. म्हणाले, "दादा, तिचं काही न्हाई. मीच सांगितलं काढ म्हनून."

मोठेबाबा आता त्यांच्याकडे वळले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडे बघत होते, आणि रागानं त्यांचा आवाज कापत होता.

"तू कोन सांगनार? लोकं इचारून राहिले मला, धाकटा कुठं गेला म्हनून. काय सांगू? माझ्या मागं तू न्हाईस, तर मी म्होरं कोनाच्या?"

बाबांनी खाली मान घातली. मग त्यांनी पडवीतली बाज ओढून अंगणात आणली, वरची गोधडी झटकली आणि बाजूला झाले. मोठेबाबा बसले. बाबा बाजेच्या पायथ्याला टेकले. आईनं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर मोठेबाबा म्हणाले की पोरीला जास्त शिकवलं हीच चूक झाली. बाबा म्हणाले, व्हय, मी तवाच म्हनत होतो. कॉम्प्युटरचा नाद वाईट, असं एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं मान हलवायची. मग माझ्या कॅमेऱ्याला नावं ठेवून झाली, माझ्या मालकाला झाली, सायबरवाल्याच्या बापाला झाली. गावाची शोभा केली, घराची इज्जत भितीवर चिकटवली. एक थांबला की दुसरा पुढं चालू करायचा.

त्यातलं अर्ध्याहून अधिक साफ खोटं होतं आणि प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं. जीभ नुसती सळसळत होती. पण मी भिंतीला टेकून गप उभी राहिले, कारण मी मध्ये बोलले असते तर ते दोघं थांबले असते.